जुनी औषधे, नवे रोगी आणि बेवारशी संशोधन

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका औषधाला मान्यता दिली. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर यावी अशी ही घटना नव्हे. औषध होते केनोडिऑक्सिकोलिक आम्ल, म्हणजे निरोगी माणसाचे यकृत रोज आपोआप तयार करीत असलेले एक पित्ताम्ल. ज्या रोगावर ते मान्य झाले त्याचे नाव सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस. हा रोग इतका विरळा, की अनेक डॉक्टरांच्या उभ्या आयुष्यात त्याचा एकही रोगी पाहण्यात येत नाही. तरीही या घटनेचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण हे औषध या रोगावर गुणकारी ठरते हे वैद्यकाला १९८४ पासून ठाऊक होते. ठाऊक असलेल्या गोष्टीवर अमेरिकेत सरकारी मोहोर उमटण्यास चार दशके लागली, आणि मधल्या काळात त्याच औषधाची किंमत युरोपात सुमारे तीनशे पटींनी वाढली.

एका रोगावर काढलेले औषध दुसऱ्याच रोगावर उपयोगी पडावे यात नवलाचे काही नाही. ताप आणि अंगदुखीवरचे अ‍ॅस्पिरिन पुढे हृदयविकाराच्या रोग्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देण्यात येऊ लागले. गर्भावर भयंकर परिणाम झाल्यामुळे कुप्रसिद्ध झालेले थॅलिडोमाइड १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये कुष्ठरोगातील एका वेदनामय उपद्रवावर उपयोगी असल्याचे आढळले. फ्लूपासून बचाव म्हणून अमँटाडिन घेणाऱ्या एका स्त्रीला आपला कंपवात हलका झाल्याचे १९६८ मध्ये जाणवले, आणि ते औषध कंपवाताच्या उपचारात येऊन बसले. पूर्वी असे शोध योगायोगाने लागत. आता त्यांचे एक शास्त्रच होऊ पाहत आहे. मान्यताप्राप्त औषधांच्या याद्या घेऊन, प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोगट पेशींवर ती एकामागून एक पारखली जातात आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांतील संभाव्य उमेदवार निवडले जातात.

मेंदू आणि मज्जासंस्था यांना क्रमाक्रमाने पोखरणाऱ्या आनुवंशिक रोगांच्या बाबतीत या मार्गाकडे विशेष आशेने पाहिले जाते. ही आशा कितपत खरी आहे, तिच्यात धोका कोठे आहे आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडावे, हे तीन प्रश्न मात्र वेगवेगळे आहेत. त्यांची गल्लत होते म्हणूनच या विषयावरील चर्चा कधी भाबडी, तर कधी निराश होते.

विरळा, पण थोडके नव्हेत

या वर्गातील रोगांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. त्यांपैकी प्रत्येक रोग विरळा असला तरी सर्वांचे रोगी एकत्र केले तर मोठा समुदाय होतो. काही रोगांत आईबाप दोघेही निरोगी असतात. पण दोघांच्याही अंगी एकेक सदोष जनुक दडलेले असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यांत विवाह होतात त्या समाजांत असे दोन जनुक एकत्र येण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत रूढ आहे. तेव्हा हा प्रश्न दूरदेशीचा म्हणून सोडून देता येत नाही. काही रोगांत एकाच बाजूने आलेला दोष पुरेसा असतो. हंटिंग्टनच्या रोगात आई किंवा बाप रोगी असेल तर प्रत्येक अपत्यावर त्याची छाया निम्मी असते, आणि रोग बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे मुलेबाळे झाल्यावर, प्रकट होतो.

नवे औषध शोधून ते बाजारात येईपर्यंत दहा वर्षे सहज लोटतात. ज्या रोगाचे साऱ्या देशात काही शेच रोगी सापडावयाचे, त्यासाठी एवढा व्याप करण्यास कोणी सहजासहजी धजत नाही. उलट जुन्या औषधाची मात्रा ठरलेली असते, त्याचे दुष्परिणाम माहीत असतात, ते तयार करण्याची रीत कारखान्यांना अवगत असते. क्षणोक्षणी मज्जापेशी गमावणाऱ्या रोग्याला वाचलेली ही वर्षे म्हणजे आयुष्यच होय. या विचारात तथ्य किती, हे इतिहासावरून पाहता येते.

विषारी वायूवरचा उतारा

लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी १९१२ मध्ये एका कौटुंबिक रोगाचे वर्णन केले. तरुण मुलामुलींचे हात कापू लागत, बोलणे अडखळे, अंग ताठर होई, गिळणे कठीण जाई आणि काही वर्षांत मृत्यू येई. पुढील संशोधनात कारण कळले ते असे : अन्नातून येणारे तांबे शरीराबाहेर टाकण्याचे यकृताचे काम या रोग्यांत बिघडलेले असते, त्यामुळे ते तांबे प्रथम यकृतात आणि मग मेंदूत साचते. या बिघाडास जबाबदार असलेले जनुक १९९३ मध्ये सापडले. पण उपचार त्याआधीच चार दशके सुरू झाले होते, आणि त्यांचा उगम होता युद्धात.

लुइसाइट नावाचा सोमलयुक्त विषारी वायू शत्रू वापरील या भीतीने दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर एक उतारा तयार केला. सोमलाला घट्ट धरून ठेवणे हा त्याचा गुण. जो पदार्थ सोमलाला धरतो तो तांब्यालाही धरील, या तर्कावर १९५१ मध्ये विल्सनच्या रोग्यांना त्याची इंजेक्शने देण्यात आली आणि अनेकांना आराम पडला. ज्या रोगाचे निदान म्हणजे मृत्युलेख समजला जाई, त्याला प्रथमच उपाय मिळाला. मात्र ही इंजेक्शने अतिशय वेदनादायक असत आणि ती जन्मभर घेणे अशक्यच होते.

जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांनी पुढचे पाऊल टाकले. पेनिसिलिन घेणाऱ्या रोग्यांच्या लघवीत पेनिसिलामिन नावाचा पदार्थ उतरतो, हे त्यांनी लंडनमध्ये पाहिलेले होते. १९५५ मध्ये बॉस्टन येथे विल्सनच्या एका रोग्याला तपासताना त्यांना त्या पदार्थाच्या रचनेची आठवण झाली. ही रचना तांब्याला धरण्याजोगी होती, आणि औषध पोटातून देता येण्यासारखे होते. पहिली मात्रा त्यांनी स्वतः घेऊन पाहिली. १९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समुळे महाराष्ट्राला जे पेनिसिलिन परिचित झाले, त्याच्याच विघटनातून निघालेल्या पदार्थाने जगभरच्या हजारो तरुणांचे प्राण वाचवले. पेनिसिलामिन न सोसणाऱ्यांसाठी वॉल्श यांनीच पुढे ट्रायेंटिन आणले. आतड्यातून तांबे शोषले जाऊ नये म्हणून जस्ताच्या क्षाराचा उपयोग करण्याची कल्पना हॉलंडमध्ये १९६१ मध्ये निघाली आणि अमेरिकेत तिला १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

या सर्व कथेत एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. विल्सनच्या रोगात दोष जनुकात असला तरी हानी करणारा पदार्थ हाताने धरता येईल असा, म्हणजे तांबे हा होता. शत्रू ओळखू आला म्हणून जुने शस्त्र उपयोगी पडले. जनुक दुरुस्त न करताही रोग आवरता येतो, हा धडा येथे प्रथम मिळाला.

सर्पगंधेपासून निघालेली वाट

दुसरी कथा भारतातून सुरू होते. सर्पगंधेची मुळी येथे पिढ्यान् पिढ्या वेडावर व निद्रानाशावर दिली जात असे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व रक्तदाब यांवरील तिचे परिणाम प्रसिद्ध केले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. मेंदूतील ज्या रसायनांच्या द्वारे मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात त्यांचा साठा रेसर्पिन रिता करते, हे लवकरच उमगले.

तशाच गुणाचे, पण थोडा काळ टिकणारे कृत्रिम द्रव्य शोधताना त्याच दशकात टेट्राबेनाझिन हाती आले. मनोविकारावरील औषध म्हणून त्याची कल्पना होती. त्या कामी ते फार चालले नाही. परंतु अमेरिकन डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये वर्णिलेल्या रोगात हातापायांच्या ज्या अनावर, नाचल्यासारख्या हालचाली होतात, त्या या औषधाने कमी होतात असे दिसून आले. ब्रिटनमध्ये ते १९७१ पासून मिळू लागले. अमेरिकेत मात्र या रोगासाठी त्याला मान्यता मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. अटलांटिक महासागराच्या एका तीरावरच्या रोग्याला जे उपलब्ध होते त्यासाठी दुसऱ्या तीरावरच्या रोग्याने ३७ वर्षे वाट पाहिली, यात विज्ञानाचा दोष नव्हता.

तथापि या औषधाचे गुणगान करताना मर्यादा विसरून चालणार नाही. त्याने हालचाली आवरतात. रोग थांबत नाही. मेंदूतील पेशींचा ऱ्हास, स्मृती व स्वभाव यांत होणारा पालट चालूच राहतो. शिवाय या औषधाने खिन्नता वाढू शकते, आणि हंटिंग्टनच्या रोग्यांत आत्मघाताचा विचार मुळातच बळावलेला असतो. विल्सनच्या रोगात जुन्या औषधाने रोगाच्या मुळाजवळ हात घातला. येथे ते लक्षणापाशीच थांबले. दोन्ही उपकारकच, पण दोहोंना एकाच मापाने मोजणे ही रोग्याची फसवणूक ठरेल.

पित्ताशयातील खड्यांचे औषध

आता आरंभी उल्लेखिलेल्या पित्ताम्लाकडे वळणे योग्य होईल. सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस या रोगाचे वर्णन व्हान बोगार्ट यांनी १९३७ मध्ये केले. बालपणी चिवट अतिसार, शाळकरी वयात मोतीबिंदू, पुढे टाचेमागील शिरेवर व इतर स्नायुबंधांवर पिवळसर गाठी, आणि विशी-तिशीत चाल बिघडणे, झटके येणे व बुद्धी मंदावणे, असा त्याचा क्रम असतो. कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ल तयार करण्यासाठी लागणारे एक विकर या रोग्यांच्या यकृतात नसते. पित्ताम्ल पुरेसे झाले की यकृताने काम आवरते घ्यावे, असा निसर्गाचा नियम आहे. येथे पुरेसे कधी होतच नाही. म्हणून यकृताचा कारखाना अहोरात्र धडधडत राहतो आणि त्यातून कोलेस्टेनॉल नावाचा निरुपयोगी पदार्थ तयार होऊन मेंदूत, डोळ्यांत व स्नायुबंधांत साठतो.

केनोडिऑक्सिकोलिक आम्लाने पित्ताशयातील खडे विरघळतात, असे १९७२ मध्ये अमेरिकेत दिसून आले आणि त्या दशकात त्यावर मोठ्या अपेक्षा बांधल्या गेल्या. १९८३ मध्ये तेथे त्याला त्यासाठी मान्यताही मिळाली. पण खडे थोड्याच रोग्यांत पूर्णपणे विरघळत. पुढे अधिक सौम्य औषध आले, दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया आली, आणि हे पित्ताम्ल अडगळीत पडण्याच्या बेतात आले. त्याच सुमारास बर्गिनर, सॅलेन व शेफर या संशोधकांनी १७ रोग्यांना हे औषध रोज ७५० मिलिग्रॅम या प्रमाणात दिल्याचा अहवाल १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. कोलेस्टेनॉल उतरले, एवढेच नव्हे, तर वर्षभराच्या उपचारानंतर निम्म्याहून अधिक रोग्यांतील बुद्धिभ्रंशाची लक्षणे ओसरली, अनेकांची चाल सुधारली. जे शरीरात नव्हते तेच बाहेरून दिल्यावर यकृताला 'पुरे' हा निरोप पोहोचला आणि कारखाना थांबला. रोग जितक्या लवकर ओळखला जाईल तितका लाभ अधिक, हेही पुढे स्पष्ट झाले. मेंदूची एकदा झालेली हानी सर्वस्वी भरून येत नाही.

उंदराला गुण, माणसाला अपाय

अशा यशस्वी कथा वाचून कोणाचीही समजूत व्हावी, की औषधांचे कपाट उघडून शोधत बसले म्हणजे प्रत्येक रोगावर काही ना काही हाती लागेलच. वस्तुस्थिती कठोर आहे. तरुणांच्या मुरुमांवर दिले जाणारे मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक घ्या. मज्जापेशी मरून हळूहळू सारे स्नायू लुळे करणारा 'एएलएस' हा रोग काही कुटुंबांत आनुवंशिक असतो. त्या कुटुंबांतील सदोष मानवी जनुक घातलेल्या उंदरांना मिनोसायक्लिन दिले असता ते अधिक दिवस जगले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध स्वस्त, परिचित, निर्धोक मानलेले. मग अमेरिकेत एएलएसच्या ४१२ रोग्यांवर रीतसर चाचणी झाली. २००७ मध्ये तिचा निकाल आला तेव्हा असे दिसले, की औषध घेणाऱ्यांची प्रकृती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक वेगाने ढासळली होती. जे इतरांना निर्धोक होते ते या रोग्यांना अपायकारक ठरले.

लिथियमची हकीकतही अशीच बोधप्रद आहे. मनोविकारावरील या जुन्या औषधाने एएलएसची गती मंदावते, असे ४४ रोग्यांच्या एका लहान अभ्यासावरून इटलीत २००८ मध्ये जाहीर झाले. बातमी पसरताच अनेक देशांतील रोग्यांनी लिथियम मिळवून स्वतःच घेण्यास सुरुवात केली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत त्याचा काहीही उपयोग दिसला नाही. रशियात अ‍ॅलर्जीवर दिले जाणारे डिमेबॉन हंटिंग्टनच्या रोगात निष्फळ ठरले. को-एन्झाइम क्यू-१० व क्रिएटिन यांच्या त्याच रोगातील मोठ्या चाचण्याही लाभ दिसण्याचा संभव न उरल्यामुळे २०१४ मध्ये थांबवाव्या लागल्या.

चाचणी किती काटेकोर हवी, याचे उत्तम उदाहरण म्हणजे असिटिल-ल्यूसिन. फ्रान्समध्ये १९५७ पासून हे औषध भोवळीवर दिले जात होते. तोल जाण्याच्या विकारांत त्याचा गुण येतो, असे काही जर्मन डॉक्टरांना वाटले. १०८ रोग्यांवरील चाचणीत, तोल बिघडवणाऱ्या विविध विकारांना एकत्र घेतले असता, २०२१ मध्ये निकाल नकारार्थी आला. पण त्याच औषधाचा एक विशिष्ट रेणू नीमन-पिक 'सी' या एकाच रोगाच्या ६० रोग्यांना १२ आठवडे देऊन पाहिला असता त्यांची चाल व बोलणे खोट्या औषधाच्या तुलनेत सुधारले, असे २०२४ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. नीमन-पिक 'सी' हा पेशींत चरबी साठवून बालकांची बुद्धी व चाल हिरावून घेणारा रोग. एड्सच्या विषाणूवर करून पाहिलेले आणि त्या कामी मागे पडलेले मिग्लुस्टॅट २००९ मध्ये युरोपात याच रोगासाठी मान्य झालेले होते. एका रोगात निरुपयोगी ठरलेले द्रव्य दुसऱ्यात उपयोगी, आणि सरसकट निष्फळ वाटलेले द्रव्य नेमक्या रोग्यांत सफल. म्हणून रोगाची नेमकी ओळख आणि निःपक्ष चाचणी यांना पर्याय नाही. जुने औषध म्हणजे सिद्ध औषध नव्हे. सुरक्षिततेच्या परीक्षेचा काही भाग त्याने दिलेला असतो, इतकेच.

मालक नसलेल्या औषधाचे मालक

चाचणी अपरिहार्य ठरली की पैशाचा प्रश्न उभा राहतो. ज्या औषधाच्या एकस्वाची मुदत संपली आहे, जे कोणताही कारखाना काढू शकतो, त्याच्या चाचणीवर कोट्यवधी कोणी खर्च करावे? लाभ झालाच तर तो सर्वांचा, खर्च मात्र एकट्याचा. म्हणून अनेक आशादायक औषधे बेवारशी राहतात. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेने १९८३ मध्ये आणि युरोपीय संघाने २००० पासून विरळा रोगांवरील औषधांना ठराविक वर्षांची मक्तेदारी देऊ केली. हेतू स्तुत्य होता. त्याचा एक परिणाम असा झाला, की ज्यांनी शोधाचा मोठा भार उचलला नाही त्यांनाही मक्ता मिळू लागला.

हॉलंडमध्ये पित्ताशयाच्या खड्यांवरील पित्ताम्लाच्या १०० कॅप्सूलचे वेष्टन २००८ मध्ये ४६ युरोंना मिळत होते. औषध लीडियंट या कंपनीच्या समूहाकडे गेले. नाव बदलत गेले, किंमत चढत गेली. २०१७ मध्ये युरोपात विरळ्या रोगासाठीची मक्तेदारी मिळाल्यावर तेच वेष्टन १४ हजार युरोंना पडू लागले. प्रत्येक रोग्यामागे वर्षाला दीड लाख युरोंहून अधिक खर्च येऊ लागला. अ‍ॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयाने २०१८ मध्ये स्वतःच्या औषधशाळेत हे औषध तयार करण्यास आरंभ केला. कच्च्या मालात अशुद्धी आढळल्याने काम थांबले, पण २०२० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. तेथील स्पर्धा प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये अवाजवी किमतीबद्दल कंपनीला १ कोटी ९६ लाख युरोंचा दंड ठोठावला; इटली व स्पेननेही २०२२ मध्ये दंड केले. अमेरिकेत ट्रायेंटिनच्या १०० कॅप्सूल २०१० मध्ये सुमारे ६५० डॉलरना मिळत. २०१५ पर्यंत त्यांची किंमत २१ हजार डॉलरवर गेली. या औषधांच्या घटकांत काहीही बदल झालेला नव्हता. बदलला होता तो फक्त विकणाऱ्याचा अधिकार.

येथे न्यायाने एवढे म्हटले पाहिजे, की कागदपत्रांची पूर्तता, शुद्धतेची हमी, पुरवठ्याचे सातत्य यांना खर्च येतो आणि तो भरून निघावा हे रास्त आहे. कोणीच निर्माता न उरला तर रोग्याच्या हाती काहीच पडणार नाही. परंतु रास्त मोबदला आणि अडवणूक यांत भेद आहे. ज्या ज्ञानाचा खर्च सार्वजनिक रुग्णालयांनी, विद्यापीठांनी आणि स्वतः रोग्यांनी सोसला, त्यावर शेवटी येणाऱ्याने कुंपण घालावे, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

भारताची जागा

या बाबतीत भारताची स्थिती काहीशी वेगळी आणि काही अंशी बळकट आहे. भारतीय एकस्व कायद्याच्या तिसऱ्या कलमातील 'ड' पोटकलमानुसार ज्ञात पदार्थाचा केवळ नवा उपयोग शोधून काढल्यास एकस्व मिळत नाही. कर्करोगावरील ग्लिव्हेक औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच पोटकलमाच्या आधारे निर्णय दिला होता. त्यामुळे जुन्या औषधाला नवे नाव देऊन मक्ता मिळवणे येथे कठीण आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, की देशी कारखान्यांनी विरळ्या रोगांवरील चार औषधे तयार केली असून त्यांत विल्सनच्या रोगावरील ट्रायेंटिनही आहे. आयात औषधाचा वर्षाचा खर्च २ कोटी २० लाख रुपये, तर देशी औषधाचा २ लाख २० हजार. इच्छा असली की काय होऊ शकते याचा हा पुरावाच म्हटला पाहिजे.

पण याच कायद्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागेल. नव्या उपयोगावर मक्ता मिळणार नसेल तर जुन्या औषधाच्या चाचणीत खाजगी भांडवल येणार नाही. तेव्हा तो भार सार्वजनिक संस्थांनी उचलावा, हा त्या कायद्याचा तर्कशुद्ध उत्तरार्ध आहे, आणि तो अजून पुरता लिहिला गेलेला नाही. २०२१ च्या राष्ट्रीय विरळा रोग धोरणाने मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयासारखी काही उत्कृष्टता केंद्रे नेमली. २०२२ मध्ये प्रत्येक रोग्यासाठी साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांवर नेली. जन्मभर चालणाऱ्या महागड्या उपचाराला ही रक्कम किती पुरणार, हा प्रश्न आहे. उलट स्वस्त जुने औषध उपयुक्त ठरले तर त्याच रकमेत कित्येक रोग्यांची सोय होईल. शासनाच्या तिजोरीच्या दृष्टीनेसुद्धा या चाचण्या हा खर्च नसून बचतीचा मार्ग आहे.

त्यासाठी करावयाच्या गोष्टी अवाढव्य नाहीत. उत्कृष्टता केंद्रांनी आपल्या रोग्यांची एकत्रित, विश्वसनीय नोंद ठेवावी. कारण विरळ्या रोगात एका रुग्णालयाकडे चाचणीपुरते रोगी कधीच नसतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुदत संपलेल्या औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र निधी राखून ठेवावा आणि त्यांचे निकाल, अनुकूल असोत की प्रतिकूल, प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे. मिनोसायक्लिनचा प्रतिकूल निकाल प्रसिद्ध झाला नसता तर आणखी कित्येकांनी ते आशेने घेतले असते. पेनिसिलामिन, जस्ताचे क्षार, पित्ताम्ल यांसारखी औषधे नफ्याअभावी बाजारातून नाहीशी होऊ लागली तर सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांनी ती तयार करावी. डॉक्टरांच्या देखरेखीविना कोणी असे औषध घेऊ नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले जावे.

यापेक्षाही मूलभूत काम निदानाचे आहे, आणि त्यात सामान्य सुशिक्षितांचा वाटा आहे. वर्गातील हुशार मुलाचे अक्षर अकारण बिघडू लागते, बोलणे जड होते, तो चिडखोर होतो, गुण घसरतात. अशा मुलावर आळशीपणाचा शिक्का बसतो. पुष्कळदा घरचे लोक बाहेरची बाधा म्हणून मांत्रिकाकडे धाव घेतात. त्यांतील एखादा विल्सनचा रोगी असू शकतो आणि रक्त, लघवी व डोळे यांच्या तपासणीने ते कळू शकते. एका मुलात रोग आढळला तर त्याच्या भावंडांचीही तपासणी व्हावयास हवी; लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार सुरू झालेली भावंडे निरोगी आयुष्य जगू शकतात. लहान वयातील मोतीबिंदू आणि टाचेमागील गाठ यांचा एकत्र विचार करणारा डॉक्टर एखाद्या कुटुंबाची पुढील पिढी वाचवू शकतो.

जनुकाची दुरुस्ती करणारे उपचार जगात येऊ लागले आहेत. त्यांच्या किमती ऐकून मध्यमवर्गीय कुटुंबाची छाती दडपते. ते सर्वांच्या आवाक्यात येईपर्यंत हाताशी असलेल्या साधनांची नीट पारख करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. युद्धातील विषावरचा उतारा आणि पित्ताशयातील खड्यांचे औषध यांनी आपले दुसरे कार्य केव्हाच सिद्ध केले आहे. अशी आणखी किती औषधे कपाटात आहेत हे पारखल्याशिवाय कळणार नाही, आणि ती पारख बाजार आपण होऊन करणार नाही. जे काम कोणाच्याच फायद्याचे नसते ते सर्वांच्या वतीने करणे, यासाठीच समाजाने शासन ही संस्था निर्माण केलेली आहे.